इंग्रजी बोलणाऱ्याला ३४ टक्के जास्त पगार: हा आकडा येतो कुठून?

मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०:५०

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस एकच दंगल चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मुलीला मराठी शाळेत घालायचंय, सासूबाईंना नाही. (बहुतेक घरांत उलटं असतं, पण आमची बिल्डिंगच तशी.) काल कुणीतरी फॉरवर्ड टाकला: "संशोधनाने सिद्ध! इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ३४% जास्त पगार!" झालं, ग्रुप चिडीचूप. आकडा आला की भले भले गप्प बसतात.

मी चौदा वर्षं चेंबूरच्या एका सर्वेक्षण करणाऱ्या कचेरीत आहे. आधी फॉर्म घेऊन दारोदार फिरायचो, आता स्क्रीनसमोर बसतो. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की हा कुणाच्या दारात उभं राहून आणला, हेच आधी डोक्यात येतं. बसलो शोधत.

सापडला. आझम, चिन आणि प्रकाश या तिघांचा २०१३चा पेपर. डेटा २००५च्या 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे'चा, देशभरातली एकेचाळीस हजारांवर कुटुंबं. त्यात म्हटलंय की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त, आणि थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्के जास्त. आता फॉरवर्डशी ताडून बघा. हा आकडा पुरुषांचा आहे, बोलता येण्याचा आहे आणि २००५चा आहे. शाळेचं माध्यम त्यात कुठेच नाही. ज्या मुलीवरून भांडण चाललंय ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

३४ टक्के निघतात कसे, तेही मजेशीर आहे. असल्या अभ्यासांत पगार सरळ रुपयांत घेत नाहीत, त्याचा लॉग (लॉगॅरिदम) घेतात. पगाराला एका बाजूला लांब शेपूट असतं. शंभरातले नव्याण्णव वीस ते साठ हजारांतले आणि एक महिना नऊ लाखवाला निघाला, की रुपयांतलं रिग्रेशन (कशामुळे किती फरक पडतो ते काढायचं गणित) त्या एकाच्या मागे फरफटत जातं. लॉग घेतला की तो जरा माणसात येतो, शिवाय उत्तर टक्क्यांत वाचता येतं. पण इथे एक खड्डा आहे. 'येतं / येत नाही' अशा चलाचा सहगुणक, म्हणजे रिग्रेशनने काढलेला परिणाम, समजा ०.२९ आला, तर फरक २९ टक्के नसतो. ई (म्हणजे २.७१८) चा ०.२९ वा घात काढून एक वजा करायचा, मग ३४ होतात. ०.०५ असेल तर फरक जाणवतही नाही. आकडा मोठा झाला की दणका बसतो. रिपोर्टांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता मोजणं सोडलंय.

खरा घोळ पुढेच आहे. समजा, इंग्रजीचा स्वतःचा परिणाम लॉगमध्ये ०.१२ आहे. बाप पदवीधर असण्याचा परिणाम ०.३०. इंग्रजी येणाऱ्यांत ७० टक्क्यांचे बाप पदवीधर, न येणाऱ्यांत २० टक्क्यांचे. आता बापाचा रकाना भरायला विसरा आणि नुसतं इंग्रजी घालून रिग्रेशन चालवा. उत्तर येईल ०.१२ अधिक ०.३० गुणिले ०.५०, म्हणजे ०.२७. यातलं निम्म्याहून जास्त बापाचं, आणि श्रेय खाल्लं इंग्रजीने. सॅम्पल चारशेवरून चार लाखांवर नेलं तरी ०.२७च येणार, फक्त जास्त ठामपणे.

पेपरवाल्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. वय, सामाजिक गट, शिक्षण, भौगोलिक भाग, वकुबाचा अंदाज देणाऱ्या काही गोष्टी, सगळं त्यांनी धरलंय. फॉरवर्डवाल्याने काहीच धरलं नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. मुंबईत 'मराठी माध्यम की इंग्रजी' याचा पगारावरचा परिणाम खरंच मोजायचा झाला, तर तुम्ही कसा मोजाल? जाणकारांनी लिहा. नसलेल्यांनीही लिहा. फक्त 'मातृभाषेतूनच शिक्षण हवं' आणि 'जगाबरोबर चला' या दोन गाड्या इथे आणू नका, त्यांच्यासाठी वेगळे फलाट आहेत.

---

आठ बावन्न स्लो | रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर उद्या गाडीत.

तोवर एक आयडिया. आमच्या शाळेच्या ९६च्या दहावीचा ग्रुप आहे, ११० जण, मराठी माध्यम. गल्लीतल्या कॉन्व्हेंटच्याही त्याच वर्षाच्या ग्रुपचा ॲडमिन ओळखीचा आहे. दोन्हीकडे पगार विचारून सरासरी काढली की काम फत्ते. गुगल फॉर्म मी बनवतो.

---

शेवग्याची शेंग | रात्री ११:३०

आठ बावन्न, तुमच्या दहावीला पोरं किती होती? चार तुकड्या धरल्या तरी दोनशेच्या वर. मग ग्रुपवर ११०च का? उरलेली शंभर कुठे गेली?

मी सांगते. ज्यांचं बरं चाललंय ते रियुनियनला येतात, ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतात. ज्याची नोकरी सुटली तो 'लेफ्ट' होतो. फॉर्म भरणारे त्या ११०मधलेही तीसच निघतील, आणि ज्याला पगार सांगायला लाज वाटत नाही तोच भरेल. शिवाय तुमच्या वर्गातल्या मुली? अर्ध्या तरी घरी असतील. त्यांच्या पगाराच्या रकान्यात शून्य लिहायचं की रिकामं सोडायचं? शून्य लिहिलं तर चूक आणि सोडून दिलं तरी चूक, कारण ज्या बायका नोकरी करतात त्या काही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नसतात. अर्थशास्त्रज्ञ हेकमन साहेबांना २०००चं नोबेल याच दुखण्याच्या औषधासाठी मिळालं. आधी 'नोकरीत असण्याची शक्यता' मांडायची, मग पगाराचं समीकरण त्यानुसार सुधारायचं. औषध नाजूक आहे. नोकरीवर परिणाम करणारी पण पगारावर न करणारी एखादी गोष्ट हातात लागते. घरात लहान मूल असणं, वगैरे. तीही वादातीत नाहीच.

मी सहा वर्षं फील्डला होते, म्हणून दाराबद्दल बोलते. यादीत घर आलं म्हणजे मुलाखत झाली असं नसतं. वस्तीत गेलं की दार उघडं असतं, पाणी विचारतात, शेजारीण उत्तरं सुधारून देते. टॉवरला गेलं की गेटवरच रजिस्टर. "कौनसे फ्लॅट में जाना है?" मी म्हटलं, १४०३, रँडम आलाय. वॉचमन इंटरकॉमकडे वळला आणि म्हणाला, "रँडम साहब? यहाँ तो कोई रँडम साहब नहीं रहते." कमिटीची परवानगी आणा म्हणाले, सेक्रेटरी दुबईला. मग काय होतं? सुपरवायझर म्हणतो, जाऊ दे, शेजारच्या जुन्या बिल्डिंगमधलं एक घर घे. फॉर्मची संख्या पूर्ण होते आणि शहर गरीब होतं. तेही दुपारी दोनला घरी असणाऱ्यांचं शहर. रिटायर्ड काका आणि सुना.

म्हणून बदली घर घेणं हे मला सर्वात वाईट पाप वाटतं. नकार आला तर नकार लिहा, तोही डेटाच आहे. कुठल्या भागात किती नकार आले हे कळलं तर वेटमध्ये, म्हणजे कुणाच्या उत्तराला किती भार द्यायचा त्यात, थोडं तरी सावरता येतं.

---

अण्णा डोंबिवलीकर | बुधवार, सकाळी ६:१२

सर्व तरुण मंडळींना सुप्रभात. मी शेतकी खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची पहिली अकरा वर्षे पीककापणी प्रयोगांत गेली, तेव्हा अंदाज कसा बिघडतो याचे माझे उदाहरण चिखलातले आहे.

तालुक्याचे भाताचे उत्पन्न काढायचे तर सगळी शेते कापत नाहीत. गाव चिठ्ठीने, शेत चिठ्ठीने, शेतात उभे राहण्याची जागाही आकड्यांच्या तक्त्यावरून. मग खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि आतले तेवढे कापायचे. आता गंमत बघा. दोरी बरोबर एका चुडावरून गेली. आत धरायचा की बाहेर? नियम काहीही असो, माणसाचा हात तो आत ओढतो. भरलेली लोंबी बाहेर टाकायला जीव होत नाही. प्रत्येकजण थोडेथोडे ओढतो, सगळे एकाच दिशेने.

मीटरभर बाजूचा चौकोन घेतला तर एक चौरस मीटरला चार मीटर कड येते. दहा मीटरचा घेतला तर शंभर चौरस मीटरला चाळीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे कड दहापट कमी. तुकडा जितका लहान तितका कडेचा लोभ मोठा. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा भर लहान तुकड्यांवर, की स्वस्तात पुष्कळ जागी कापता येतात. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी दाखवले की लहान तुकडे उत्पन्न फुगवून सांगतात. १९४०च्या दशकात दोघांची चांगलीच जुंपली होती. दोघेही थोर, आणि आपापल्या जागी बरोबर. एकाला चढउतार कमी करायचा होता, दुसऱ्याला कल. तुमच्या पुस्तकात यालाच व्हेरियन्स आणि बायस म्हणत असतील.

चढउतार जास्त नमुन्यांनी जिरतो. सगळ्यांचा हात एकाच दिशेला ओढत असेल तर तो दहा हजार प्रयोगांनीही जिरत नाही.

---

लोअरपरळी | सकाळी ८:४०

अण्णा, दंडवत. 'लहान तुकड्याला कडेचा लोभ मोठा' हे मी डायरीत लिहून ठेवलं.

---

अनुस्वार | दुपारी १:१५

मधल्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मी बावीस वर्षं मराठी शाळेत शिकवते, त्यातली सुरुवातीची महापालिकेच्या. पगाराचा प्रश्न मला थोडा चिडचिडीचा वाटतो. माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी तीस जणांच्या आया घरकाम करतात. त्यांची तुलना हिंदू कॉलनीतल्या मुलाशी करायची आणि फरकाला 'माध्यम' म्हणायचं? मोजपट्टींचा ०.२७चा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला, हे तर तू रोज जेवताना सांगतेस.

पण मुंबईतच एकदा या बाबतीत सरळ रस्ता धरला गेला होता. प्रथम संस्थेचा बालसखी उपक्रम. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात ते झालं, आणि कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची नि कुठल्या शाळेत चौथीला, हे नशिबावर सोडलं होतं. चिठ्ठीच म्हणा. त्यामुळे एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडता आली. चांगल्या शाळांना दिलं, उत्साही मुख्याध्यापकांना दिलं, असला संशयच नाही. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांचा तो पेपर २००७चा. दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाएवढी (मुलांचे गुण एरवी किती पसरलेले असतात त्याचं हे माप) वाढ आढळली, आणि त्यातली बहुतेक तळातल्या मुलांची.

याच्या पुढचं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभराने तो फायदा ०.१०च्या आसपास उरला होता. शिक्षकाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाढेसुद्धा पुन्हा घ्यावे लागतात.

माध्यमाची चिठ्ठी मात्र कोण टाकू देईल? तुमच्या वहिनी देतील?

---

किंतुपरंतु | संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, आता लांबण लावतो. विषय रोजच्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे हात शिवशिवतात.

आधी मोजपट्टींच्या हिशेबाला एक उपसूचना. 'सगळं धरलं' हेही नेहमी चांगलं नसतं. इंग्रजी आलं म्हणून पोरगा कॉलेजात टिकला, पदवी मिळाली, पगार वाढला, असं असेल तर पदवी हा इंग्रजीच्याच परिणामाचा रस्ता आहे. ती स्थिर धरली की तो रस्ताच बंद होतो आणि इंग्रजीचा आकडा आपण हातानेच छाटतो. बाप धरायचा, कारण तो आधी आला. पदवी धरायची की नाही, हे प्रश्न काय विचारताय त्यावर. कालक्रम लावून पाहिला की निम्मे गोंधळ तिथेच सुटतात. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, ते दिलेलं सगळं निमूटपणे गिळतं.

चिठ्ठी टाकता येत नसेल तेव्हा आयुष्याने कुठेतरी टाकलीय का ते शोधायचं. नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो हाच. पश्चिम बंगालने १९८३पासून सरकारी प्राथमिक शाळांतलं इंग्रजी काढून टाकलं होतं, त्यावर अशा धर्तीचं काम झालेलं आहे. आपल्याकडे उलटं. २०००च्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी पाचवीपासून होतं, मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली. मग करा हिशेब: मराठी शाळांतल्या आधीच्या मुलांचे पगार, नंतरच्या मुलांचे पगार, त्यांतला फरक. एवढ्यावर थांबलात तर त्या फरकात महागाई, आयटी, कॉल सेंटरं, मॉल, सगळी मुंबई येईल. म्हणून इंग्रजी शाळांतल्या त्याच दोन पिढ्यांतला फरक काढायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. फरकांतला फरक. १९९४मध्ये कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी आणि शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं घेऊन किमान वेतनाचा प्रश्न असाच हाताळला होता.

अट एकच आणि ती डोळ्यांना दिसत नाही: बदल झाला नसता तर दोन्हींचे आलेख समांतर चालले असते. मुंबईत मला ही अट लंगडी वाटते. त्याच काळात मराठी शाळांतून मध्यमवर्ग निघून जात होता. म्हणजे २०००नंतर मराठी शाळेत बसलेली मुलं १९९५च्या मुलांसारखी नाहीतच. धोरण बदललं आणि वर्गातली माणसंही बदलली. यात कुणाचा किती वाटा हे सांगायला पालकांची माहिती लागेल.

आता दादर. मुन्शी आणि रोझेन्झ्वाइग यांनी दादर भागातल्या शाळांत शिकलेल्या मुलांच्या, जवळपास ४,९०० मराठी कुटुंबांचा अभ्यास केला, २००६मध्ये तो छापून आला. वीस वर्षांत कोण कुठल्या माध्यमात गेलं? इंग्रजीचा मोबदला नव्वदच्या दशकात वाढला, तरी कामगार जातींतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले, कारण बापाच्या, काकाच्या ओळखीने लागणारी कामं त्याच वाटेवर होती. मुलींना त्या ओळखींचा उपयोग कधी नव्हताच. त्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं, त्यामुळे त्या झपाट्याने इंग्रजीकडे वळल्या. एकाच घरातला भाऊ आणि बहीण! 'माध्यम घरानुसार ठरतं' एवढं म्हणून भागत नाही, ते घराच्या आतही फुटतं.

तिसरा रस्ता साधन चलाचा. फिलिप राइट यांच्या १९२८च्या तेला-तुपावरच्या जकातीच्या पुस्तकाच्या परिशिष्टात ही युक्ती पहिल्यांदा नीट मांडलेली आहे. माध्यमावर परिणाम करणारी पण पगाराला थेट न शिवणारी गोष्ट शोधा. घरापासून इंग्रजी शाळेचं अंतर कसं वाटतं?

---

लोअरपरळी | रात्री ९:०५

किंतुपरंतु, अंतरावर माझा किंतु. शाळेजवळ घर कोण घेतं? ज्याला परवडतं तो. शिवाजी पार्कात राहणाऱ्याच्या पगारात शाळेपेक्षा घराचाच हात मोठा.

पण लिहिता लिहिता वाटलं, मुंबईत पागडी आहे. माझी खोली पणजोबांनी गिरणीच्या भोंग्याचा आवाज येईल एवढ्या अंतरावर घेतली. नंतरच्या तीन पिढ्यांनी काहीच निवडलं नाही, भाडं इतकं कमी की सोडवतही नाही. बाजूला इंग्रजी शाळा निघाली ती आमच्या नशिबाने. म्हणजे फक्त पागडीवाले घेतले, आणि पणजोबांच्या नंतर उघडलेल्या शाळा घेतल्या, तर अंतर जवळजवळ चिठ्ठीसारखं होतं की नाही?

---

किंतुपरंतु | रात्री ९:४०

क्या बात है. हे मी चोरणार, सांगून ठेवतो.

दोन शंका तरीही. जिथे इंग्रजी शाळा निघाल्या तिथेच टॉवर आणि ऑफिसंही आली. मग तुमच्या खोलीपासून नोकरीचं अंतरही कमी झालं, आणि ते पगाराला थेट शिवतं. दुसरं, यातून मिळणारा आकडा सगळ्यांचा नसेल. तो फक्त 'जवळ होती म्हणून घातलं, नाहीतर घातलं नसतं' अशा मुलांचा असेल. काहीही झालं तरी कॉन्व्हेंटमध्येच जाणाऱ्यांबद्दल तो मुका. इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांना २०२१चं नोबेल मिळालं त्यात या बारकाव्याचा मोठा वाटा आहे.

आणि अंतराचा माध्यमावर मुळात परिणाम तरी होतो का, ते आधी तपासा. त्या पहिल्या टप्प्यातला एफ (साधनाचा जोर सांगणारा आकडा) दहाच्या खाली आला तर साधन लेचंपेचं. लेच्यापेच्या साधनाने मोजण्यापेक्षा साधं रिग्रेशन बरं, त्याचं खोटं किमान ओळखीचं तरी असतं.

---

आठ बावन्न स्लो | गुरुवार, सकाळी ९:२०

कुर्ला आलं, उभा आहे, एका हाताने लिहितोय. गुगल फॉर्म रद्द केलाय. शेंगताईंचं वाचून ग्रुपवर कोण नाही याची यादी करायला घेतली. ९४ नावं आठवली आमच्या तिघांना. त्यातल्या दोघांचे बारावे आम्ही फेसबुकवर पाहिले होते. बाकीच्यांचं काही माहीतच नाही. जरा खट्टू झालो.

चारशे जणांचं सॅम्पल घेतलं की अधिक-उणे ५ टक्के म्हणतात ना, ते कुठून येतं? सोप्या भाषेत सांगा कुणीतरी.

---

मोजपट्टी | गुरुवार, रात्री १०:१५

आठ बावन्न, यादी केलीत हेच मोठं काम केलंत.

चारशेचं गणित: उत्तर निम्मं-निम्मं धरलं तर स्टँडर्ड एरर (नमुन्यामुळे उत्तर साधारण किती हलतं ते) म्हणजे ०.५ भागिले चारशेचं वर्गमूळ, ०.०२५. त्याच्या साधारण दुप्पट, झाले ५ टक्के. पण हे चारशे जण शहरभरातून सुटे सुटे उचलले असतील तर. तसं कुणीच उचलत नाही, चपला झिजतील. सगळे गठ्ठ्याने घेतात. वीस बिल्डिंगा, प्रत्येकी वीस घरं.

यावरूनच माझी एकदा फजिती झाली. नवीन नवीन सुपरवायझर होतो. प्रश्न होता, पाणी रोज किती तास येतं. एका मुलीचे वीस फॉर्म आले, वीसही फॉर्मांवर 'सकाळी ५ ते ७:१५'. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. मला वाटलं, हिने घरी बसून भरले. बोलावून सगळ्यांसमोर झापली. ती शांतपणे म्हणाली, "सर, टाकी एकच आहे."

नंतर फार वाईट वाटलं. माफी मागितली. पण त्याहून वाईट म्हणजे रिपोर्टमध्ये तरीही 'नमुना ४००, अधिक-उणे ५ टक्के' असंच छापून गेलं, वरच्या साहेबांना वाद नको होता. पाण्याच्या बाबतीत आमच्याकडे चारशे निरीक्षणं नव्हतीच. वीस टाक्या होत्या.

सगळे प्रश्न इतके टोकाचे नसतात. नमुना किती पटीने आकसतो त्याचं सूत्र असं: एक अधिक (गठ्ठ्यातली घरं वजा एक) गुणिले गठ्ठ्याच्या आतलं साम्य. साम्य ०.१ धरा, १ + १९ × ०.१ = २.९. चारशेला २.९ने भागा, उरले १३८. तुमचे ५ टक्के ८.५ झाले. साम्य १ असेल, टाकीसारखं, तर उरतात २०. माध्यमाचंही असंच. शाळा धरून मुलं निवडली तर एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी, आणि ४,९०० कुटुंबं म्हटली तरी आधी शाळा किती ते विचारायचं.

वेटबद्दल मुंबईचंच उदाहरण देतो. जुलै २०२०चं कोविडचं सेरो सर्वेक्षण आठवतंय? आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर असे तीन वॉर्ड, ६,९३६ नमुने. झोपडवस्त्यांत ५७ टक्के लोकांत अँटीबॉडी, वस्तीबाहेर १६ टक्के. तेव्हा आमच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं, ३६.५. तसं चालत नाही. कुठले किती लोक आहेत त्यावर भार द्यायचा. समजा एखाद्या भागात वस्तीतले लोक ६० टक्के, तर ४०.६ येतात. ४२ टक्के, तर ३३.२. आणि कोण किती आहेत हे सांगणारी शेवटची जनगणना २०११ची. मधल्या काळात वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, दहिसरपासून चेंबूरपर्यंत. यादी जुनी, शहर नवं. तीन वॉर्डांवरून अख्खी मुंबई सांगायची नाही, हे वेगळंच.

---

शेवग्याची शेंग | रात्री १०:५०

टाकीवाली मुलगी मी नव्हते, पण असते तर तुम्हाला सोडलं नसतं.

उत्तराबद्दलही एक लिहायचं राहिलं. बाईला 'महिन्याला तेल किती' विचारा आणि 'गेल्या आठवड्यात किती' विचारा. आठवड्याचं चौपट केलं तर महिन्याच्या उत्तराशी जुळत नाही, बहुतेकदा जास्तच भरतं, कारण महिन्यातलं निम्मं विसरलेलं असतं. १९९९-२०००च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सात दिवस आणि तीस दिवस हे दोन्ही रकाने एकाच घराला शेजारीशेजारी विचारले. लोक पहिल्याला जुळेल असं दुसरं उत्तर देऊ लागले. त्यावरून देशातली गरिबी किती घटली यावर वर्षानुवर्षं वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ डीटन यांनी ते आकडे नंतर सुधारून बघितले. रिग्रेशनच्या आधी हे झालेलं असतं, फॉर्म छापतानाच.

आणि नवरा शेजारी बसलेला असेल तर बाईच्या पगाराचा रकाना माझ्या मते वाचूच नये.

---

अनुस्वार | शुक्रवार, दुपारी १:२०

शेंगताई, शेवटच्या ओळीला शंभर टाळ्या.

मोजपट्टी, तुमच्या वहिनींचं काय झालं? धागा कुठून कुठे गेला.

---

मोजपट्टी | शुक्रवार, रात्री ९:५५

झालं एकदाचं. मुलीला मराठी शाळेत घातलं. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, कुठला मुद्दा पटला? म्हटलं आपला ०.२७ कामी आला असेल. वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो, ती शाळा आपल्याच बाजूला आहे. दुसरीला जायचं तर हायवे ओलांडावा लागतो." सासूबाईंनाही हायवे पटला.

---

किंतुपरंतु | रात्री १०:००

म्हणजे अंतर चाललं! साधनाची पहिली अट पूर्ण.

---

लोअरपरळी | रात्री १०:०४

घर पागडीचं आहे का विचारा आधी.

---

मोजपट्टी | रात्री १०:१०

ओनरशिपचं. तीन वर्षांपूर्वी घेतलं, 'शाळा जवळ आहे' म्हणून.